तीनशे खुर्च्या मांडल्या आणि गावातलं कुणीच आलं नाही, आता काय करू?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातनं एका सरांचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत, सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पगाराच्या तात्पुरत्या नेमणुकीवर आहेत, जूनमध्ये परत मुलाखतीला उभं राहायचं असतं, त्यामुळे नाव नाहीच. पत्र जरा कापून देते:

"ताई, मी फिजिक्स शिकवतो. मागच्या वर्षी विज्ञान दिनाचं सगळं एचओडींनी माझ्यावर टाकलं. वरून पत्र होतं की कार्यक्रम परिसरातल्या नागरिकांसाठी खुला ठेवा. मी चौकात फ्लेक्स लावला, सगळ्या ग्रुपवर टाकलं, पुण्याहून एक शास्त्रज्ञ बोलावले, मांडव घातला, तीनशे खुर्च्या. आली कोण, तर एफवायची पोरं, ती पण अटेंडन्स घेणार म्हणून. बाहेरचे म्हणजे दोन रिटायर्ड गुरुजी. शास्त्रज्ञ माणूस चांगला पण स्लाइड सगळ्या इंग्रजीत. यंदा प्राचार्य म्हणतात आमदारसाहेबांना बोलवू, गर्दी आपोआप होईल. मला तर वाटायला लागलंय की आपल्या लोकांना विज्ञानात इंटरेस्टच नाही. माझी पीएचडी अर्धवट पडलीय. यात वेळ घालवू का नको?"

नमस्कार सर,

पीएचडीचं शेवटी बोलू. आधी ते इंटरेस्ट नाही वालं वाक्य, कारण ते वाचून मला थोडा रागच आला.

उद्या सकाळी तुमच्या गावातल्या दूध संकलन केंद्रावर जाऊन उभे राहा. नुसतं उभं राहा, काही बोलू नका. किटली घेऊन आलेला माणूस त्या मशीनच्या आकड्याकडे कसा बघतो ते बघा. काल फॅट 3.8 लागली, आज 3.5 कशी काय, गाय तीच, पेंड तीच, मग? आणि हा प्रश्न तो रोज विचारतो, घरी जाऊन बायकोला विचारतो, शेजाऱ्याच्या पावतीशी ताडून बघतो. याला इंटरेस्ट नाही म्हणायचं का? इंटरेस्ट ढीगभर आहे, फक्त तुमच्या मांडवात नाही. आणि का असावा हो, 28 फेब्रुवारी म्हणजे तुमच्याकडे ज्वारी काढणीला आलेली, द्राक्षाची तोडणी चालू, कारखान्याला ऊस चाललेला, त्या दिवशी सकाळी 11 वाजता हातातलं काम टाकून "प्रकाशाचे विकिरण" ऐकायला कोण येईल? रामन यांनी 1928 साली त्या तारखेला शोध जाहीर केला आणि 1987 पासून आपण ती तारीख विज्ञान दिन म्हणून पाळतो, ते सगळं बरोबरच आहे, पण गावाला सोयीची वेळ कोणती हे बघून काही ती तारीख ठरलेली नाही.

तुम्ही म्हणाल मग खोडदला त्याच दिवसात एवढी गर्दी कशी होते. बरोबर प्रश्न आहे. नारायणगावजवळ तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे ना, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यातल्या 14 मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, म्हणजे टोमॅटोच्या आणि द्राक्षाच्या शेतातच उभ्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं हे काम. एरवी तिथे मोबाइलसुद्धा चालू ठेवू देत नाहीत कारण आकाशातनं येणारा रेडिओ सिग्नल इतका क्षीण असतो की तुमच्या खिशातला फोन त्याच्यापुढे बोंबलत असतो. अशा ठिकाणी विज्ञान दिनाला हजारो माणसं लोटतात. ती काय सगळी पल्सार (गरगर फिरणारे, रेडिओ लहरी सोडणारे मृत तारे) समजून घ्यायला येतात असं वाटतं तुम्हाला? तिथे आसपासच्या शाळाकॉलेजची पोरं स्वतःची मॉडेल घेऊन येतात, प्रदर्शनच असतं मोठं. ज्या पोरीनं थर्माकोल आणि सलाइनच्या नळीचं काहीतरी करून आणलंय तिची आई, आजी, मावशी, सगळा गोतावळा बघायला येणारच. आणि आलेच आहेत तर मग ती अवाढव्य थाळी बघतात, हे कशाला बांधलंय विचारतात, तिथला माणूस मराठीत सांगतो. लोकांचं स्वतःचं काहीतरी तिथे मांडलेलं असतं, म्हणून लोक येतात. तुमच्या मांडवात त्यांचं काय होतं? तीनशे खुर्च्या, त्या पण भाड्याच्या.

आमदारसाहेबांचं म्हणाल तर गर्दी होईल, शंभर टक्के होईल. पण ती साहेबांची गर्दी. साहेब दीड तास उशिरा येणार, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, मग साहेबांना पुढच्या कार्यक्रमाला जायचंय म्हणून त्यांचं भाषण आधी, आणि साहेब उठले की मांडव रिकामा. शास्त्रज्ञ बिचारा आभारप्रदर्शनाच्या अलीकडे दहा मिनिटं बोलणार. प्राचार्यांना नाही म्हणू नका मात्र, त्यांना त्यांचा कार्यक्रम करू द्या. 28 तारखेचा कार्यक्रम कॉलेजचा, तो पोरांसाठी आणि फाइलसाठी. गावाचा कार्यक्रम वेगळा, वेगळ्या दिवशी, कॉलेजच्या गेटच्या बाहेर. ही दोन कामं तुम्ही एकाच मांडवात कोंबली, घोटाळा तिथे झाला.

आता गावात नेमकं काय करायचं. मी तुमच्या जागी असते तर पाण्यापासून सुरू केलं असतं. तुमच्या भागात बोअरचं पाणी जड, क्षाराचं, हे काय सांगायला नको, आणि त्यामुळे गावोगाव आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढायचं मशीन, विकणारे फिरतात. त्यांचा एक खेळ असतो, तुम्ही बघितला असेल. दोन ग्लास. एकात तुमच्या नळाचं पाणी, एकात त्यांच्या आरओचं. दोन्हीत लोखंडाच्या नि ॲल्युमिनियमच्या कांड्या असलेलं एक यंत्र बुडवतात, प्लग लावतात. मिनिट-दोन मिनिटांत नळाचं पाणी आधी हिरवट, मग तांबडं, मग गटारासारखं होतं, वर फेस, खाली गाळ. आरओचा ग्लास स्वच्छ. "काकू, ही घाण तुम्ही रोज नातवाला पाजताय." काकूचं तोंड उतरतं आणि हप्त्यावर मशीन घरात येतं.

तुम्ही फिजिक्सचे, तुम्हाला कळतंच की तो गाळ पाण्यातला नाहीच, कांडीचाच आहे. नळाच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहते, वीज वाहते म्हणून लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि गंजतं. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य, वीज जवळजवळ जात नाही, कांडी झिजत नाही, पाणी स्वच्छ राहतं. हे तुम्ही फळ्यावर समीकरण लिहून सांगितलंत तर कुणी ऐकणार नाही. करून दाखवा. पण प्लगचं यंत्र वापरू नका हं, पोरं हात घालतात, सरळ 12 व्होल्टचा ॲडॅप्टर घ्या, साधे लोखंडी खिळे घ्या (स्टीलचे नकोत), वेळ जास्त लागेल पण तो वेळच तुमच्या कामाचा आहे, तेवढ्यात लोक बोलायला लागतात. नळाचं पाणी तांबडं झालं की आरओच्या ग्लासात कुणा आजीच्या हातानं चिमूटभर मीठ टाकायला लावा. थोड्या वेळात तोही ग्लास तसाच घाण. इथे माणसं चुळबुळ करतात बघा. आणि हमखास एक जण मागून म्हणणार, "सर, मिठातच घाण असंल की." त्या माणसाला पुढे बोलवा, तो तुमचा खरा विद्यार्थी. त्याला विचारा की मग कसं ठरवायचं घाण खिळ्याची का पाण्याची? थांबा, लगेच उत्तर देऊ नका. नाहीच सुचलं तर खिशातनं दोन पेन्सिली काढा, दोन्ही टोकं तासलेल्या, आणि नवीन ग्लासात तेच नळाचं साधं पाणी घेऊन खिळ्यांच्या जागी पेन्सिलीचं शिसं लावा. बुडबुडे येतील, पण पाणी तांबडं होणार नाही. पाणी तेच, वीज तीच, फक्त खिळा नाही. कंट्रोल एक्सपेरिमेंट हा शब्द न उच्चारता तुम्ही तो देवळाच्या पारावर करून दाखवलात, आणि शंका काढली कुणी तर गावातल्याच माणसानं.

आता जपून चालायची जागा. गावात पाण्याचं एटीएम असतं, नाणं टाकलं की जार भरतो, आणि ते चालवणारा माणूस बहुतेक वेळा कुणाचा तरी मेहुणा असतो. त्यामुळे आधी सरपंचांना आणि त्या एटीएमवाल्याला भेटून सांगा की तुम्ही आरओच्या विरोधात नाही. आणि खरंच नसावं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात आणि दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात, त्याच्या वरच्या पाण्याला किंवा फ्लोराइड-नायट्रेट जास्त असलेल्या पाण्याला आरओ कामाला येतो. फक्त हेही सांगा की पेनासारखं ते टीडीएस मीटर जंतू मोजत नाही. आकडा 80 आला म्हणून पाणी चांगलं आणि 600 आला म्हणून विष असं काही नसतं. गावच्या जलसुरक्षकाला सोबत घ्या, तपासणीचे नमुने पाठवणं त्याचंच काम असतं, आणि नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत कसा जातो, रिपोर्ट कुठे मिळतो हे त्यालाच चारचौघांत सांगायला लावा. त्याचा भाव वाढतो, आणि पुढच्या वेळी माणसं गोळा करायचं काम तो करतो, तुम्हाला फ्लेक्स लागत नाही.

फ्लेक्सचं सांगायचं तर फ्लेक्सवर फोटो सगळ्या पदाधिकाऱ्यांचे असतात आणि काय दाखवणार ते कोपऱ्यात बारीक, त्यामुळे लोक तो वाढदिवसाचाच समजतात. डेअरीवर एक कागद चिकटवा: "नळाचं पाणी घाण होतं का? करून बघू. एकादशी, भजनानंतर, मारुतीच्या देवळापुढे." बास.

एकादशी मी मुद्दाम म्हणतेय. तुमचा पट्टा वारकऱ्यांचा, एकादशीला रात्री भजनाला माणसं जमतातच, तुम्हाला वेगळी गोळा करावी लागत नाहीत. आणि शुद्ध एकादशीला चंद्र संध्याकाळी छान वर आलेला असतो. विद्यापीठाच्या किंवा जवळच्या एखाद्या कॉलेजच्या फिजिक्स डिपार्टमेंटला विचारा, कुठेतरी एक सहा नाहीतर आठ इंची दुर्बीण कपाटात धूळ खात पडलेली असते, पत्र दिलं की मिळते. लोकांना वाटतं पौर्णिमेला चंद्र भारी दिसेल, पण पौर्णिमेला ऊन समोरनं पडतं, सावल्याच नाहीत, चंद्र म्हणजे पांढरी थाळी. अर्ध्या-पाऊण चंद्राला उजेड-अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या पडतात आणि तिथे खरी मजा असते. शुद्ध दशमी-एकादशीला तर चंद्राच्या उत्तरेकडच्या भागात, त्या सीमेवरच, एक चमकणारं वळण अंधारात लोंबकळताना दिसतं, कपाच्या कानासारखं. ते जुरा पर्वत. त्यांच्या पायथ्याशी अजून रात्र आहे पण शिखरांवर ऊन पोचलंय. दर महिन्याला जमेलच असं नाही, काही तासांचाच खेळ असतो, पण जमलं आणि तुम्ही म्हणालात की आत्ता त्या डोंगरावर सूर्य उगवतोय, तर रांगेतला माणूस डोळा काढत नाही, मागचे ओरडतात. आरशाची दुर्बीण असेल तर चित्र उलटं दिसतं, आधी स्वतः शोधून ठेवा म्हणजे लोकांपुढे चाचपडायला नको.

थोडी व्यवहाराची सूचना. एक पोरगा फक्त दुर्बीण सरकवायला ठेवा, चंद्र सतत हलतो आणि पाचव्या माणसाला काळोख दिसला की तो बिचारा "दिसलं दिसलं" म्हणून निघून जातो, लाजेखातर. लहान पोरांसाठी स्टूल. मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांना कमी पॉवरची आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावून द्या आणि घाई करू नका. बायका मागे उभ्या राहतात, भजनात पुरुष पुढे म्हणून दुर्बिणीलाही पुरुष पुढे, तर पहिली पाच मिनिटं बायकांची असं आधीच माइकवर सांगून टाका. कुणी वाद घालत नाही, मी बघितलंय.

आणि देवळात विज्ञान नेलं म्हणून एखादा पुरोगामी मित्र नाक मुरडेल, मुरडू दे. उलट बाजूनं प्रश्न पण येतील, ग्रहणात गरोदर बाईनं विळी हातात घ्यावी का, राहू कुठे दिसतो. हसायचं नाही. तुमच्यासोबत आलेली एखादी पोरगी हसली तर तिला पण बाजूला घेऊन सांगा. ग्रहण म्हणजे सावली, सावलीनं बाळाला काही होत नाही, पण सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर डोळा जातो, हे सरळ सांगा आणि पुढे चला. पहिल्याच भेटीत कुणाच्या सासूला खोटं पाडायला गेलात तर पुढच्या एकादशीला सुनेला येता येणार नाही.

पावसाळ्यात चंद्र विसरा, ढग असतात. तेव्हा डेअरी धरा. दुधाची घनता बघायचा लॅक्टोमीटर दुधात का तरंगतो, पाणी घातलं की डिग्री का उतरते, साय काढली की का चढते, आणि मग कुणी दोन्ही केलं तर डिग्री जागच्या जागी कशी राहते, म्हणून फॅट वेगळी बघावी लागते. हे सांगताना संकलनवाल्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस. तुमच्या जिल्ह्यात 10-11 मेच्या आसपास, दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या केलेल्या पाइपाची सावली नाहीशी होते. सिंधुदुर्गात हे मेच्या पहिल्या आठवड्यात होतं आणि महिनाअखेरीपर्यंत उत्तरेकडच्या जिल्ह्यांत पोचतं, मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला फोन लावून तिकडे सावली आहे का विचारायला लावा पोरांना. ऑगस्टच्या सुरवातीला परत येतो हा दिवस, पण तेव्हा ऊन मिळालं तर नशीब. खर्च शून्य. मे महिन्यात सीएचबीवाल्याला पगारही शून्यच असतो, ते मला माहितीय, म्हणून हे जमलं तर करा नाहीतर सोडा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवस ठरलेला पाहिजे. मोठा कार्यक्रम वर्षातनं एकदा आणि बाकी वर्ष शांतता, यानं काही होत नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली, लोकांना माहीत असतं की उन्हाळा आला की व्याख्यानं. मुंबईत टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेचे लोक 2009 पासून 'चाय अँड व्हाय' करतात, रविवारी सकाळी, पृथ्वी थिएटर नाहीतर माटुंग्याचं रुपारेल, चहा प्या, प्रश्न विचारा, निघा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळेच्या पोरांसाठी महिन्याचा दुसरा शनिवार. आयुका उभी करणाऱ्या नारळीकर सरांसारखा माणूस मराठीत लिहीत होता, बोलत होता, पोरांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत होता आणि तेही वर्षानुवर्षं, म्हणून आज पुण्यातल्या कितीतरी घरात आयुका म्हणजे परकं ऑफिस वाटत नाही. तुमच्याकडे पृथ्वी थिएटर नाही पण एकादशी आहे आणि ती कॅलेंडरवर आधीच छापलेली आहे.

पुण्याच्या त्या शास्त्रज्ञांना परत बोलवा बरं का. माणूस चांगला म्हणताय ना, मग त्यांना स्लाइडशिवाय बोलवा. आधी डेअरीवर घेऊन जा, चहा पाजा, लोकांशी अर्धा तास गप्पा मारू द्या, मग रात्री देवळापुढे खुर्ची न देता दुर्बिणीशेजारी उभं करा. मराठी कच्चं असेल तर असू दे, प्रश्न आले की माणूस बोलायला शिकतो. मानधन, शाल काही नको, परत जाताना डाळिंबाची पेटी द्या.

नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलचं टेन्शन घेऊ नका. एक्स्टेन्शन ॲक्टिव्हिटी म्हणून हे सगळं बसतं, उलट मांडवापेक्षा चांगलं बसतं. जिओटॅग फोटो दोन-चार काढून घ्या, लोक दुर्बिणीला डोळा लावून असताना फ्लॅश मात्र मारू नका, आणि ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर तारखेसह एक पत्र घ्या, त्यात तुमचं नाव लिहायला सांगा. डिपार्टमेंटचं नाही, तुमचं. जूनच्या मुलाखतीला ते पत्र फाइलीत लावा. त्याचे मार्क किती देतील हे मी सांगू शकत नाही, बहुतेक फार नाहीत, पण एचओडी म्हणतील आम्हीच केलं तेव्हा कागद हाताशी असलेला बरा.

आणि आता पीएचडी. ती आधी पूर्ण करा. आऊटरीचचं कौतुक सगळे करतात आणि पर्मनंट करताना सेट-नेट आणि पीएचडी विचारतात, यात काही नवीन नाही. म्हणून महिन्यातनं एक संध्याकाळ, जास्त नाही. तयारी दोन-तीन हुशार एसवायच्या पोरांना वाटून द्या, खिळे-पेन्सिली-ॲडॅप्टर एका डब्यात कायम भरून ठेवा. पहिल्या एक-दोन वेळा गावाकडनं दहाच माणसं आली तर दहांनाच दाखवा, खुर्च्या मागवू नका. आणि गाजावाजा झाल्यावर प्राचार्य म्हणणारच की सर, हे आता तालुक्यातल्या सगळ्या गावांत करा. तेव्हा सांगा की करतो, पण त्या दिवशीचे माझे तास दुसऱ्या कुणीतरी घ्या आणि गाडीचं पेट्रोल कॉलेजनं द्यावं.